धरणाकाठी कॅम्पिंगला जाताय? बुकिंगआधी विचारा, ‘ऑगस्टमध्ये इथं पाणी कुठवर येतं?’

दिवाळीचा फराळ संपतो, पहाटे गारठा जाणवायला लागतो आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर रील्स फिरायला लागतात. निळंशार पाणी, काठाला ओळीनं मांडलेले टेंट, मधे शेकोटी आणि गिटार. खाली कमेंट ठरलेली : ‘लोकेशन?’

काही वर्षांपूर्वी या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा मावळातलं पवना धरण असायचं. आता कोल्हापूरकरांना तेवढं लांब जायची गरज उरलेली नाही. राधानगरी, काळम्मावाडी, तुळशी, पाटगाव, पलीकडे चांदोली आणि थोडं पुढं कोयनेच्या पाण्यावरचं तापोळा. आपल्या आजूबाजूला धरणंच धरणं आहेत आणि त्यांच्या काठी साध्या टेंटपासून एसी लावलेल्या डोमपर्यंत राहायची सोय निघते आहे. ज्यांच्याकडे कॅम्परव्हॅन आहे, तेही गाडी लावायला अशीच जागा शोधतात.

अडचण अशी की आपण जागा निवडतो फोटो बघून. फोटोत एकच गोष्ट मोजली जाते, टेंट पाण्याच्या किती जवळ आहे. धरणाच्या काठी मात्र हाच निकष सगळ्यात फसवा आहे. का, ते नीट समजून घेऊ.

‘लेक’ म्हणतो ते नेमकं काय असतं?

जाहिरातीत ‘लेकसाईड’ लिहिलेलं असलं, तरी आपल्याकडचे हे बहुतेक ‘लेक’ म्हणजे नैसर्गिक तळी नाहीत. ते धरणांचे जलाशय आहेत. धरणाच्या भिंतीमागं नदीचं पाणी साठतं, दऱ्याखोऱ्यांत मागंपर्यंत पसरतं. त्याला आपण बॅकवॉटर म्हणतो, मराठीत फुगवटा.

तळ्याचा काठ बऱ्यापैकी एका जागी राहतो. जलाशयाचा काठ वर्षभर चालत असतो. जून ते सप्टेंबर धरण भरतं. भरल्यावर पाणी जिथपर्यंत पोचतं, तिला पूर्ण संचय पातळी म्हणतात. नंतर शेतीला आवर्तनं सुटतात, वीजनिर्मितीला आणि पिण्याला पाणी जातं आणि काठ खाली खाली सरकत जातो. मे महिन्यात तोच काठ कित्येक ठिकाणी शेकडो फूट आत गेलेला असतो.

राधानगरीचंच उदाहरण घ्या. राजर्षी शाहू महाराजांनी भोगावती नदीवर या धरणाचं काम सुरू केलं. त्याच्या जलाशयाला लक्ष्मी तलाव म्हणतात, क्षमता ८.३६ टीएमसी. याच पाण्यात ‘बेनझीर व्हिला’ ही जुनी वास्तू आहे. धरण भरलेलं असताना तिच्याभोवती पाणी असतं, पाणी ओसरलं की ती उघडी पडते. एकाच जागेचे दोन महिन्यांतले दोन फोटो शेजारी ठेवले, तर एकच ठिकाण आहे यावर विश्वास बसणार नाही.

म्हणजे ऑक्टोबरातली रील बघून एप्रिलचं बुकिंग केलं, तर टेंटसमोर निळं पाणी असेलच असं नाही. भेगाळलेला गाळ असेल आणि पाणी त्याच्याही पलीकडे. उलट फेब्रुवारीत ज्या सपाट जागेवर छान टेंट लावलेले दिसतात, ती जागा ऑगस्टमध्ये पाण्याखाली असू शकते.

म्हणून पहिला प्रश्न हा : धरण पूर्ण भरल्यावर पाणी कुठवर येतं आणि टेंट त्या रेषेच्या वर आहेत की खाली?

हे घरबसल्याही बऱ्यापैकी कळतं. गुगल अर्थवर जुन्या वर्षांची उपग्रह छायाचित्रं बघायची सोय आहे. कॅम्पवाल्याकडून लोकेशन पिन मागवा आणि पावसाळा संपल्यावरचं एक आणि उन्हाळ्यातलं एक चित्र बघा. प्रत्यक्ष गेल्यावर उताराकडे नजर टाका. पाणी जिथपर्यंत चढतं, तिथपर्यंत झाडंझुडपं नसतात. उघड्या मातीचा पट्टा दिसतो. झाडी जिथं सुरू होते, ती साधारण भरलेल्या धरणाची रेषा.

पाण्याजवळ असण्यात धोका तो काय?

पहिला धोका गाळाचा. पाणी मागं हटलं की वर कोरडी पापडी धरते, आत ओला चिखल तसाच राहतो. माणूस गुडघ्यापर्यंत रुततो, गाडी तर चाकाच्या वर जाते. पोहता येत असलं, तरी पाय अडकल्यावर त्याचा उपयोग नसतो.

दुसरा धोका खोलीचा. जलाशयाच्या तळाशी एके काळची शेतं, बांध, विहिरी, झाडांचे खुंट आणि मूळ नदीचं पात्र असतं. काठावर घोटाभर पाणी आणि चार पावलांवर एकदम खोल, असं इथं सहज होतं. जलतरण तलावासारखा हळूहळू वाढणारा उतार इथं कुणी बांधलेला नाही.

तिसरा धोका लोक सहसा लक्षातच घेत नाहीत, तो म्हणजे धरणाच्या खालच्या बाजूचा. काही जण जलाशयाऐवजी भिंतीच्या खाली, नदीच्या पात्रालगत मुक्काम टाकतात. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीला पोचलं की ते आपोआप उघडतात आणि एकेका दरवाजातून सेकंदाला सुमारे १,४२८ घनफूट पाणी बाहेर पडतं. पावसाळ्याबाहेरही वीजगृहातून किंवा आवर्तनासाठी पाणी सुटतं. आभाळ निरभ्र असताना नदी वाढू शकते, हे शहरातून आलेल्याच्या ध्यानात येत नाही. धरणाखालच्या पात्रात, वाळूच्या पट्ट्यावर किंवा नदीतल्या बेटावर मुक्काम करायचाच नाही.

चौथा धोका ओढ्यांचा. डोंगरातून येणारे ओढे जलाशयाला मिळतात तिथं छान सपाट, मऊ जागा तयार होते. टेंटला ती आदर्श वाटते. पण ती सपाट झाली आहे, कारण ओढ्यानं पूर येईल तेव्हा माती-दगड आणून तिथं टाकले आहेत. पुढचा पूरही तिथूनच जाणार. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. पाणी काही क्षणांत वाढलं होतं.

परवानगी आहे म्हणजे जागा सुरक्षित आहे?

परवानगी हवीच, पण तेवढ्यानं भागत नाही. जगातली दोन उदाहरणं ही गोष्ट दोन्ही बाजूंनी दाखवतात.

मलेशियात बतांग काली इथं डिसेंबर २०२२ मध्ये पहाटे दरड कोसळली आणि कॅम्पमध्ये झोपलेल्यांपैकी ३१ जणांचा मृत्यू झाला. शेत म्हणून चालणाऱ्या त्या जागेला कॅम्प चालवायचा परवाना नव्हता. त्याआधी स्पेनमध्ये बिएस्कास गावाजवळ ७ ऑगस्ट १९९६ ला डोंगरी ओढ्याला पूर आला आणि काठचा कॅम्प वाहून गेला. ८७ जण गेले. तिथं मात्र परवानगी होती. कॅम्प ओढ्यानं आणलेल्या गाळाच्या पंख्यावर वसवला होता, म्हणजे वर सांगितलेली ती ‘छान सपाट जागा’. पुढं २००५ मध्ये न्यायालयानं प्रशासनाला जबाबदार धरलं, पण गेलेले काही परत आले नाहीत.

आपल्याकडे धरणाकाठची जमीन तीन प्रकारची असू शकते. पूर्ण संचय पातळीच्या खालची जमीन बुडीत क्षेत्र म्हणून सरकारनं संपादित केलेली असते. पाणी ओसरल्यावर ती मोकळी दिसते, पण ती जलसंपदा विभागाची, लोकांच्या भाषेत पाटबंधारे खात्याची. दुसरी वनजमीन. तिसरी खासगी मालकीची, जिचा सातबारा असतो.

कॅम्पवाल्याला सरळ विचारा : टेंट कुठल्या जमिनीवर आहेत? स्वतःच्या किंवा भाड्याच्या शेतात कॅम्प चालवणारा माणूस गट नंबर सांगायला कचरत नाही. महाराष्ट्र सरकारचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलं, साहसी पर्यटनाचं धोरण २०२१ मध्ये. दोन्हींत पर्यटन विभागाकडे नोंदणीची सोय आहे. बोटिंग, कयाकिंग, झिपलाईन असं काही तिथं चालत असेल, तर नोंदणी आहे का हे विचारणं हा तुमचा हक्क आहे.

जंगल किती जवळ आहे?

राधानगरी आणि काळम्मावाडी या दोन्ही जलाशयांच्या भोवती राधानगरी वन्यजीव अभयारण्य आहे. कधी काळी कोल्हापूरच्या छत्रपतींचं शिकारीचं रान असलेलं दाजीपूर १९५८ मध्ये गव्यांसाठी अभयारण्य झालं. आज त्याचं क्षेत्र ३५१ चौरस किलोमीटर आहे. २०१२ मध्ये युनेस्कोनं पश्चिम घाटाला जागतिक वारसा दर्जा दिला, त्या यादीत राधानगरीही आहे.

याचा आपल्या टेंटशी संबंध असा, की संध्याकाळी आणि रात्री जनावरं पाण्यावर येतात. गवा शांत दिसतो, पण पूर्ण वाढलेला नर हजार किलोच्या आसपास भरतो आणि बिथरला तर टेंटचं कापड त्याला अडवत नाही. चंदगड, आजरा भागात गेल्या दोन दशकांपासून हत्तींचीही ये-जा आहे. केरळात वायनाडमधल्या मेप्पाडी इथं जानेवारी २०२१ मध्ये टेंटमध्ये मुक्कामाला आलेल्या एका महिलेचा हत्तीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता.

अभयारण्याच्या हद्दीत वन विभागाच्या परवानगीशिवाय जाता किंवा राहता येत नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा तसं सांगतो. पावसाळ्यात पर्यटनासाठी अभयारण्य बंदही असतं. हद्दीबाहेरच्या कॅम्पमध्ये राहणार असाल, तर हे बघा : टेंटभोवती कुंपण किंवा चर आहे का, रात्री जागा राहणारा माणूस आहे का, उरलेलं अन्न कुठं टाकतात. खरकटं टेंटमागं टाकणारा कॅम्प रानडुकरांना, कुत्र्यांना आणि त्यांच्या मागं बिबट्याला आवतण देत असतो.

ग्लॅम्पिंग : कापडाच्या आतलं हॉटेल

ग्लॅमरस आणि कॅम्पिंग हे दोन शब्द जोडून ग्लॅम्पिंग झाला. शब्द अलीकडचा, कल्पना जुनी. डेरा, राहुटी, कनात, शामियाना हे शब्द मराठीत आहेतच आणि मोहिमेवरच्या सरदारांचे डेरे सामान्य शिपायाच्या पालापेक्षा ऐसपैस असायचे. आज त्याच जागी स्विस टेंट, डोम आणि तिकोनी छपराची ए-फ्रेम घरं आली आहेत. आत पलंग, जोडून बाथरूम, वीज.

पैसे जास्त मोजायचे तर चार गोष्टी बघून घ्या.

हवा. पारदर्शक डोममधून चांदण्या दिसतात, तसंच सकाळी नऊनंतर ऊनही आत येतं. मार्चनंतर असा डोम भट्टी होतो. सावली आणि हवा खेळती ठेवायची सोय आहे का, ते विचारा.

आग आणि धूर. कापड, फोम, लाकूड आणि तात्पुरत्या वायरी एकत्र आल्या की ठिणगी पुरते. विजेला अर्थिंग आणि गळती झाल्यावर वीज तोडणारं स्विच हवं, जवळ अग्निशमन सिलिंडर हवा. थंडीत टेंटमध्ये निखाऱ्याची शेगडी किंवा गॅस हीटर कधीच घेऊ नका. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामन इथं केरळच्या आठ पर्यटकांचा, त्यात चार मुलं होती, बंद खोलीत गॅस हीटर लावून झोपल्यामुळं मृत्यू झाला. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. चार गोधड्या जास्त मागा, शेगडी बाहेरच राहू द्या.

वारा. जलाशयावरून येणारा वारा अडवायला काही नसतं. मोठा टेंट नुसत्या खुंट्यांवर आहे की पक्क्या जोत्याला बांधलाय, हे बघा.

आणि सांडपाणी. हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही, पण कोल्हापूरकरांनी तरी विचारायलाच हवा. काळम्मावाडीतून थेट पाइपलाइननं कोल्हापूर शहराला पाणी आणायची योजना २०२३ च्या दिवाळीत प्रत्यक्षात आली. म्हणजे काठावरच्या कॅम्पचं सांडपाणी ज्या पाण्यात जाईल, तेच पाणी पुढं आपल्या नळाला येणार. टेंटला जोडून संडास आहे, छान. पण त्याची सेप्टिक टाकी कुठं आहे आणि पाण्यापासून किती लांब? उत्तर गोलमोल आलं, तर दुसरा कॅम्प बघा.

लहान मुलं आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर

कुटुंबासाठी पाण्यापासून थोडा लांब आणि थोडा उंचावरचा कॅम्प केव्हाही बरा. पाणी दिसलं पाहिजे, पण मूल झोपेतून उठून चालत गेलं तर लगेच पाण्यात पोचू नये. काठ आणि टेंट यांच्यामध्ये कुंपण, फाटक किंवा निदान उजेड असावा.

संडास किती पावलांवर आहे, तिथवर दिवा आहे का, कमोड आहे का, हे आधी विचारा. गुडघेदुखी असलेल्या आजीसाठी अख्खी सहल यावर ठरते.

बोटिंग असेल तर लाइफ जॅकेट घातल्याशिवाय कुणीही बसायचं नाही आणि मुलांना मुलांच्याच मापाचं जॅकेट हवं. मोठ्यांचं जॅकेट मुलाच्या अंगातून वर निसटतं. वडोदऱ्याच्या हरणी तलावात १८ जानेवारी २०२४ ला सहलीची बोट उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि अनेकांच्या अंगात जॅकेट नव्हतं. ‘काही होत नाही हो, रोज नेतो’ असं म्हणणाऱ्याच्या बोटीत पाय ठेवू नका.

साप. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चारही विषारी साप आपल्या भागात आहेत. टेंटची चेन कायम बंद, बूट झटकून घालायचे, रात्री बॅटरीशिवाय पाऊल टाकायचं नाही. चावलाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. हात किंवा पाय हलू न देता थेट दवाखाना गाठायचा. म्हणून जवळचं ग्रामीण रुग्णालय किती अंतरावर आहे आणि तिथं सर्पदंशावरची लस असते का, हे निघण्याआधी माहीत हवं. मोठ्या उपचारांना कोल्हापूरचं सीपीआर आहे, पण दाजीपूरहून ते सुमारे ८० किलोमीटरवर आहे.

रुग्णवाहिकेसाठी १०८, कोणत्याही तातडीसाठी ११२, वन विभागासाठी १९२६. हे नंबर फोनमध्ये असतीलच, पण कॅम्पवर रेंज कुठल्या कंपनीची येते तेही विचारा.

कॅम्परव्हॅन घेऊन जाताय?

अमेरिका-युरोपात कॅम्परव्हॅनचे मुक्काम ठरलेले असतात. गाडी लावली की वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी तिथंच मिळते. महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणलं आणि त्यात अशा कॅरॅव्हॅन पार्कची कल्पना मांडली. तरी आपल्या धरणांच्या काठी आज बहुतेक ठिकाणी टेंटचा कॅम्प आणि त्याच्या शेजारची मोकळी जागा, एवढंच मिळतं. त्यामुळं जागा निवडताना स्वतःच पारखावं लागतं.

रस्त्यापासून सुरुवात करा. मुख्य रस्ता सोडल्यावर कॅम्पपर्यंत किती किलोमीटर कच्चा रस्ता आहे? वळणावर गाडी वळेल का? खाली आलेल्या फांद्या आणि विजेच्या तारा गाडीच्या छतापेक्षा उंच आहेत का? कॅम्पवाल्याला ‘गाडी येते का?’ विचारू नका, तो हो म्हणेल, कारण त्याच्या मनात अल्टो असते. ‘टेंपो ट्रॅव्हलर आतपर्यंत आलीय का?’ असं विचारा. लगेच खरं उत्तर मिळतं.

गाडी लावायची जागा पक्की हवी. जांभ्याचा माळ चांगला. ओसरलेल्या पाण्याचा गाळ अजिबात नको, मग वरून कितीही कडक दिसू दे. पुढचं तोंड बाहेरच्या दिशेनं ठेवा, म्हणजे रात्री निघायची वेळ आली तर मागंपुढं करत बसावं लागत नाही. धरणाची भिंत आणि तिच्या आसपासचा परिसर प्रतिबंधित असतो, तिथं मुक्कामही नाही आणि ड्रोनही नाही.

वीज घेताना १६ अँपिअरचा सॉकेट आणि अर्थिंग आहे का बघा. गाडीतलं सांडपाणी आणि संडासाची टाकी कॅम्पच्या सेप्टिक टाकीत रिकामी करता येईल का, हे आधी ठरवा. ‘पाण्यात सोडा की, कोण बघतंय’ हे उत्तर चालणार नाही. नळाची गोष्ट वर आलीच आहे.

गाडी भाड्यानं घेत असाल तर नंबरप्लेट बघा. चालकासह भाड्याच्या गाडीला पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं असतात, स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळी. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्यानं घेतली आणि अपघात झाला, तर विम्याचा प्रश्न उभा राहतो. स्वतःची गाडी बदलून कॅम्पर केली असेल, तर तो बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसतो का आणि आरसीवर नोंदवलाय का, हेही तपासा.

आणि एक खास आपल्याकडची गोष्ट. धरणाकाठचा चांगला हंगाम आणि उसाचा गळीत हंगाम एकाच वेळी येतात. संध्याकाळनंतर रस्त्यावर उसानं लादलेल्या, मागं दिवा नसलेल्या ट्रॉल्या असतात. मोठी गाडी घेऊन दिवसाउजेडी पोचा, दिवसाउजेडी निघा.

मग जायचं कधी?

ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यात चांगला. धरण बऱ्यापैकी भरलेलं, हवा कोरडी, रात्री थंडी. पाणी जवळ दिसतं आणि रोज थोडं थोडं मागं सरकतं, पुढं येत नाही.

मार्च ते मे पाणी लांब जातं, गवत वाळतं, एका ठिणगीनं वणवा लागतो. शेकोटी फक्त ठरवलेल्या खड्ड्यात, तीही वारा नसताना. याच दिवसांत वळीव येतो : तासाभरात आभाळ काळं, सोसाट्याचा वारा, गारा, विजा. मोकळ्या काठावर टेंटमध्ये थांबणं तेव्हा धोक्याचं. पक्क्या घरात किंवा काचा लावलेल्या मोटारीत बसा. विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ हे सरकारी ॲप फोनमध्ये असू द्या. काजव्यांसाठी मे अखेरीस जाणाऱ्यांनी तर हे नक्की करावं.

जून ते सप्टेंबर काठावरचा मुक्काम टाळाच. पाऊस अनुभवायचा असेल तर गावातल्या पक्क्या घरात राहा, गरम पिठलं-भाकरी खा आणि धरण खिडकीतून बघा.

फोनवर विचारायचे सात प्रश्न

१. धरण पूर्ण भरल्यावर पाणी कुठवर येतं? टेंट त्याच्या वर आहेत का?

२. जमीन कुणाची आहे? नोंदणी आहे का?

३. जवळ ओढा आहे का, आणि अभयारण्याची हद्द किती लांब?

४. रात्री कॅम्पवर कोण असतं? तो माणूस त्याच गावचा आहे का?

५. दवाखाना किती अंतरावर, आणि रात्री गाडीची सोय आहे का?

६. संडासाचं पाणी कुठं जातं?

७. पाऊस आला किंवा इशारा मिळाला, तर पैसे परत मिळतात का?

सातवा प्रश्न पैशाचा वाटतो, पण तो सुरक्षेचा आहे. पैसे बुडतील या भीतीनं लोक इशारा असतानाही निघतात. तारीख बदलून देणारा कॅम्प तुम्हाला घरी थांबायची मोकळीक देतो.

आगाऊ रक्कम पाठवण्याआधी व्हिडिओ कॉलवर जागा दाखवायला सांगा. सुंदर फोटो, निम्मी किंमत आणि ‘आत्ताच पूर्ण पैसे पाठवा’ ही घाई, एवढं जुळलं की थांबा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा.

या प्रश्नांमधला चौथा सगळ्यात जास्त कामाचा. राधानगरी किंवा भुदरगडच्या गावातला माणूस कॅम्पवर असेल, तर गवे कुठल्या वाटेनं पाण्यावर येतात, कुठला काठ फसवा आहे आणि कुठल्या साली पाणी कुठवर चढलं होतं, हे त्याला नकाशा न बघता माहीत असतं. त्याला विचारा, ‘दादा, ऑगस्टमध्ये इथं पाणी कुठवर येतं?’ त्यानं हात करून झाड दाखवलं, की बॅग त्या झाडाच्या वरच्या बाजूला टाका.